दोन्ही आरोप खरे, मग पुढे काय?

५ मार्च २०१२ रोजी केंद्रातल्या काँग्रेस आघाडीच्या सरकारने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. चांगल्या भावाच्या आशेने कापूस धरून ठेवलेल्या शेतकऱ्यांच्या घरात तेव्हा छतापर्यंत माल होता. देशातल्या सूतगिरण्यांना कापूस कमी पडेल, असे कारण सांगितले गेले. आपल्याला विचारलेच नाही म्हणून कृषिमंत्री शरद पवारांनी उघड नाराजी व्यक्त केली, गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी विरोध केला आणि आठवडाभरात सरकारला बंदी मागे घेण्याचे जाहीर करावे लागले.

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्रातल्या भाजप आघाडीच्या सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. कारण पुन्हा तेच, कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा. शिवाय अमेरिकेने लादलेल्या वाढीव शुल्काचा धक्का होताच. माफीची मुदत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती. खान्देशात गणेश चतुर्थीला नव्या कापसाच्या खरेदीचा मुहूर्त करतात. त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला आली. दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले.

या दोन घटना घेऊन जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही टपरीवर बसा. निवडणूक तोंडावर असली की बोलणे ठरलेल्या वाटेने जाते. एक जण म्हणतो, ऐन हंगामात परदेशी कापूस बिनशुल्क येऊ दिला, हीच का तुमच्या पक्षाची शेतकऱ्याबद्दलची कळकळ? दुसरा तयारच असतो. ‘२०१२ ला निर्यात कोणी अडवली? तवय कोठे व्हतात तुम्ही?’ पहिला क्षणभर अडखळतो, मग तोही मोबाइल काढतो आणि दुसऱ्याच्या नेत्याने विरोधात असताना केलेले भाषण लावतो. मग कांदा, मग केळीचा पीकविमा, मग कोणी कोणाच्या गाडीत बसून गेला ते. चहा संपतो. दोघेही आपण समोरच्याला गप्प केले या समाधानात उठतात. कापसाच्या भावाचे काय करायचे, यावर तोवर एक वाक्यही झालेले नसते.

यात मला खटकते ते हे की दोघेही खोटे बोलत नसतात. निर्यातबंदी झाली होती, शुल्कमाफीही झाली. विरोधात असताना शेतकऱ्याच्या बाजूने बोललेला पक्ष सत्तेत गेल्यावर गिरण्यांच्या बाजूने वागला, हे दोन्हीकडे खरे आहे. पण आपण या दोन खऱ्या गोष्टींची वजाबाकी करतो. तुमचे एक पाप, आमचे एक पाप, बाकी शून्य. वास्तविक इथे बेरीज करायला हवी. सरकारे बदलली, पंतप्रधान बदलले, घोषणा बदलल्या आणि तरीही कापूस उत्पादक दोन्ही वेळा त्याच जागी उभा राहिला, याचा अर्थ त्याचे दुखणे कुण्या एका पक्षाच्या दुटप्पीपणापेक्षा खोल आहे. दिल्लीत गिरण्यांचा आवाज लवकर पोहोचतो, शेतकऱ्याचा उशिरा. आयात-निर्यातीचा निर्णय पेरणीआधी घ्यायचा आणि हंगाम संपेपर्यंत बदलायचा नाही, असे बंधन कोणत्याही सरकारने स्वतःवर घालून घेतलेले नाही. दोन आरोपांची बेरीज केली असती तर ही मागणी टपरीवरच पुढे आली असती, आणि ती दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना अडचणीत आणणारी ठरली असती.

खान्देशासाठी ही मागणी फार निकडीची आहे. आपल्याकडे विहिरीच्या, बोअरच्या पाण्यावर मे अखेर-जूनच्या सुरुवातीला कापूस लावतात. त्याची बोंडे विदर्भातल्या कोरडवाहू कापसाच्या आधी फुटतात, सप्टेंबरातच वेचणी सुरू होते. सरकारी खरेदी केंद्रे मात्र दिवाळीच्या आगेमागे उघडतात. मधल्या दिवसांत गावात येऊन खेडा खरेदी करणारा व्यापारी म्हणेल तो भाव. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल होता. तो कागदावर होता, आणि नेमक्या त्याच दिवसांत शुल्कमाफीची बातमी व्यापाऱ्याच्या हातात होती.

गेल्या हिवाळ्यात एका खरेदी केंद्राच्या फाटकाशी मी थांबलो होतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. ग्रेडर ट्रॉलीवर चढला, वरचा पांढराशुभ्र थर बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळातला मूठभर कापूस काढून ओलावा मोजायच्या यंत्रात दाबला. नियम असा की ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यामागे कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. आकडा १२ च्या वर गेला. ट्रॉलीचा मालक काही बोलला नाही. त्याने ताडपत्रीच्या दोऱ्या पुन्हा आवळायला घेतल्या. त्याच्या मागच्या ट्रॉलीवरचे दोन तरुण तेवढ्यात २०१२ वर येऊन पोहोचले होते. एक म्हणत होता, तेव्हा तर हेही नव्हते. दुसरा म्हणत होता, तेव्हा निदान भाव होता. ज्याचा माल परत चालला होता त्या नानांकडे दोघांपैकी कोणी पाहिलेही नाही. त्या तरुणांना विचारता आले असते की मोबाइलवर नोंदणी करून, भाड्याचा ट्रॅक्टर आणून, रांगेत रात्र काढून परत जाणाऱ्या माणसाच्या गाडीभाड्याचे काय? गावातच ओलावा मोजण्याची सोय का नाही? हे प्रश्न कोणत्याही पक्षाचे नाहीत, म्हणून कदाचित सुचलेही नसतील.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळते: ‘म्हणजे सगळे सारखेच ना? मग बोलून तरी काय उपयोग?’ हे उत्तर मला दुटप्पीपणापेक्षा जास्त घातक वाटते. सगळे सारखे नसतात. २०१२ ची बंदी आठवडाभरात मागे घेण्याची पाळी आली, कारण सरकारच्या आतूनही विरोध झाला. २०२५ ची माफी मागे घेणे तर दूर, वाढवली गेली. हा फरक लहान नाही. एका वेळी सत्तेतल्या माणसांनी आपल्याच सरकारला टोकले, दुसऱ्या वेळी तसा आवाज ऐकू आला नाही. ‘तुम्ही तरी काय केलंत’ या सामन्यात हा फरक दोन्ही बाजूंना नकोसा असतो. एकाला आपले आजचे मौन झाकायचे असते, दुसऱ्याला आपली मूळ बंदी. आणि बेरीज करायची म्हणजे जबाबदारी निम्मी-निम्मी वाटून द्यायची, असेही नाही. ज्याच्या टेबलावर आज फाइल आहे त्याने आधी उत्तर द्यायचे. भूतकाळातला गुन्हेगार सापडला म्हणून आजचा अधिकारी सुटत नाही.

लाडकी बहीण योजनेत हेच झाले. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी मते मिळवण्यासाठी वाटल्या जाणाऱ्या ‘रेवडी’पासून देशाला सावध राहायला सांगितले. दोन वर्षांनी महाराष्ट्रात त्यांचाच पक्ष सामील असलेल्या महायुती सरकारने विधानसभेच्या तोंडावर महिन्याला १,५०० रुपयांची योजना आणली. महाविकास आघाडीच्या नेत्यांनी, ही मतांवर डोळा ठेवून केलेली उधळण आहे, तिजोरीला झेपणार नाही, अशी टीका केली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या जाहीरनाम्यात ३,००० रुपयांचे आश्वासन दिले. त्याआधीच महायुतीने २,१०० म्हटले होते. विसंगती कोणाची मोठी, यावर त्या निवडणुकीत किती तास गेले असतील! आणि या सगळ्या तासांत जिच्या खात्यात पैसे पडत होते ती बाई कुठे होती? यावल-रावेरच्या केळीच्या बागेत घड वाहणारी, शहाद्याकडे कापूस वेचणारी, अक्कलकुव्याहून दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारी. एका बाजूने तिच्या पैशाला रेवडी म्हटले, दुसऱ्या बाजूने लाच. तिला दोघांनीही विकाऊ ठरवले आणि दोघांनीही बोली लावली.

मला विचाराल तर या पैशाचा तिच्यावर काय परिणाम झाला, हा विचारण्याजोगा प्रश्न होता. स्वतःच्या नावाचे खाते, नवऱ्याला न विचारता औषध आणता येणे, यांचे मोल मोठे आहे. यासाठी राज्याने पैसा कुठून उभा केला आणि कोणत्या खात्याचा कमी केला, हा दुसरा प्रश्न. निवडणूक झाल्यावर पात्रतेची छाननी, ई-केवायसी आणि नावे गळणे सुरू झाले. ते आधी का केले नाही, हा तिसरा. या प्रश्नांना विसंगतीच्या आरोपाने उत्तर मिळत नाही. योजना चांगली असेल तर ढोंगी माणसाने आणली म्हणून ती वाईट ठरत नाही. वाईट असेल तर प्रामाणिक माणसाच्या सहीने चांगली होत नाही.

पक्षांतराबद्दल फार लिहीत नाही, कारण खान्देशाला ते नव्याने सांगायला नको. जळगाव महापालिकेत २०१८ साली ७५ पैकी ५७ जागा भाजपने जिंकल्या. मार्च २०२१ मध्ये त्यांचेच नगरसेवक फुटून शिवसेनेचा महापौर झाला. ज्यांना तेव्हा ती लोकभावना वाटली त्यांच्यावर जून २०२२ मध्ये तीच वेळ आली आणि जिल्ह्यातले शिवसेनेचे आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. मुक्ताईनगरच्या खडसे कुटुंबात सासरे एकनाथ खडसे भाजप सोडून २०२० मध्ये राष्ट्रवादीत गेले, सून रक्षा खडसे भाजपची खासदार राहिली. २०१९ ला भाजपच्या तिकिटावर जळगावचे खासदार झालेले उन्मेष पाटील २०२४ मध्ये ठाकरे गटात गेले. आता प्रत्येकाकडे प्रत्येकाची जुनी क्लिप आहे. पण पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तर अपात्रता टळण्याची पळवाट २००३ मध्ये बंद झाली, तरी आमदार अपात्र आहे की नाही हे ठरवणारा विधानसभा अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचाच असतो आणि निर्णय किती दिवसांत द्यायचा याची मुदत कायद्यात नाही. शिवसेनेतली फूट २०२२ च्या जूनमधली, अध्यक्षांचा निकाल जानेवारी २०२४ मधला. कायद्यातच मुदत घाला, ही मागणी फुटलेल्यांनीही नेटाने केली नाही आणि ज्यांना सोडून गेले त्यांनीही नाही, कारण उद्या कोणाची पाळी येईल हे दोघांनाही ठाऊक नाही. गद्दार म्हणणे मात्र दोघांनाही परवडते.

आरोप इतका लोकप्रिय का, याचे कारण उघड आहे. आयात शुल्कावर बोलायचे तर धाग्याची लांबी, खंडीचा भाव, गिरण्यांची वर्षाची गरज, सरकीचा दर, एवढे तरी माहीत असावे लागते. ढोंगी म्हणायला जुना वीस सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. त्यात अभ्यास नाही, धोकाही नाही. आपल्याला काय हवे हे सांगावे लागत नाही, त्यामुळे उद्या कोणी आपल्याला पकडू शकत नाही. आणि याच ठिकाणी खरे नुकसान होते. ज्याने आयुष्यात कधी कुठले तत्त्व बोलून दाखवले नाही, त्याच्यावर दुटप्पीपणाचा आरोप होऊच शकत नाही. त्याच्याकडे मोडायला शब्दच नसतो. जो म्हणाला की पाच वर्षांत पाणी आणीन, तो अडकतो. जो फक्त हात जोडून हसला आणि लग्नकार्याला पाकीट देऊन गेला, तो सुटतो. आपण ढोंग्यांना झोडपत गेलो आणि निर्ढावलेल्यांना मोकळे रान दिले. गावोगावच्या उमेदवारांची पत्रके काढून बघा. फोटो मोठे झालेत आणि मजकूर ‘सर्वांगीण विकास’ एवढा उरला आहे. शब्द दिला की तो पाच वर्षांनी अंगावर येतो, हे ते शिकले आहेत.

दुसरे नुकसान सामान्य माणसाचे. भावाबद्दल बोलायला उठलेल्या शेतकऱ्याला ‘तेव्हा का नाही बोललास’ असे विचारले जाते. जणू आज बोलण्याचा हक्क मिळवण्यासाठी मागच्या प्रत्येक अन्यायावर मोर्चा काढल्याची पावती दाखवायला हवी. २०१२ साली जो दहावीत होता त्याने आज काय सांगावे? आणि जो तेव्हा खरोखर गप्प राहिला, आपल्या पक्षाचे सरकार म्हणून गप्प राहिला, त्याचीही आजची तक्रार खरी असू शकते. ओलाव्याचा आकडा त्याच्या पक्षाला विचारून ठरत नाही.

मत बदलणे हा काही गुन्हा नव्हे. एखादा नेता म्हणाला की मी आधी या योजनेच्या विरोधात होतो, गावोगाव फिरलो, बायकांशी बोललो, आता मला ती पटली, तर त्याचे मी ऐकून घेईन. मला फक्त कारण हवे. कारण न देता बदललेले मत आणि खुर्चीबरोबर बदललेले मत यांत फरक करायचा तर तो कारणावरूनच करता येतो. आपण कारण विचारतच नाही. जुनी क्लिप दाखवून हशा झाला की काम झाले असे समजतो.

जुने शब्द लक्षात ठेवू नयेत, असे मी म्हणत नाही. उलट ते जपून ठेवावेत, पण वसुलीसाठी. याचे उदाहरण खान्देशाच्याच मातीत आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले पहिले. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि शेतकऱ्यांच्या हिताचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला: शेतसारा आणि कुळाने द्यायचा खंड कमी करणे, कर्जाचा बोजा हलका करणे. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. त्या अधिवेशनासाठी जिल्हाभर राबलेले साने गुरुजी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक चालवत होते. पिके बुडाली तेव्हा त्यांनी सारामाफीसाठी शेतकऱ्यांना उभे केले. सत्तेवर सरकार होते त्यांच्याच पक्षाचे, साप्ताहिकाचे नावही पक्षाचे. फैजपूरला दिलेला शब्द त्यांनी आपल्याच माणसांपुढे धरला. विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, म्हणून ते थांबले नाहीत. धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या बाजूनेही ते तसेच उभे राहिले.

इथे मुद्दा दिशेचा आहे. दुसऱ्याच्या पक्षाला त्याचे शब्द आठवून देणे सोपे असते, त्याने त्याचे मतदार हलत नाहीत आणि आपलेही. आपल्या पक्षाला त्याचे शब्द आठवून दिले तर मात्र गावातला कार्यकर्ता अस्वस्थ होतो, तालुकाध्यक्षाचा फोन येतो, आमदाराला निरोप जातो. भाजपला मत देणाऱ्या कापूस उत्पादकाने भाजपच्या आमदाराला शुल्कमाफीबद्दल विचारले पाहिजे. काँग्रेसच्या घरातल्या नंदुरबारच्या माणसाने आपल्या खासदाराला विचारले पाहिजे की एवढी वर्षे जिल्हा तुमच्या हातात होता, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रस्ता अजून का पोहोचला नाही. हे प्रश्न समोरच्याने विचारले तर ते राजकारण होते. आपल्याने विचारले तर त्याला उत्तर द्यावे लागते.

पाडळसे धरणाचेच घ्या. अमळनेर तालुक्यातला हा निम्न तापी प्रकल्प गेल्या शतकाच्या अखेरीस मार्गी लागला तेव्हा त्याचा अंदाज दीडशे कोटींच्या आत होता. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित मान्यता मिळाली ती ४,८९० कोटींची. या काळात युतीचे सरकार आले, आघाडीची पंधरा वर्षे झाली, पुन्हा युती, मग महाविकास आघाडी, मग महायुती. मंत्रालयात बसला नाही असा एकही मोठा पक्ष उरला नाही. तापीचे पावसाळ्यातले पाणी दरवर्षी खाली गुजरातेतल्या उकाई धरणाकडे जातच राहिले. धरणासाठी अमळनेरकरांनी आंदोलने केली, पाण्यात उतरले, निवेदने दिली. आणि प्रत्येक निवडणुकीत दोन्ही बाजूंच्या सभांत एकच हिशेब ऐकला: तुमच्या काळात किती निधी आला, आमच्या काळात किती आला.

पुढच्या सभेत हा हिशेब सुरू झाला की मधेच उठून वक्त्याला थांबवावे, आणि तो आपल्या पक्षाचा असेल तर नक्की थांबवावे. या आर्थिक वर्षात धरणासाठी किती रक्कम मागितली, किती मंजूर झाली, त्यातली किती प्रत्यक्ष खर्च झाली? बुडीत गावांचे पुनर्वसन कुठवर आले, किती घरांना प्लॉट मिळाले? धरणात पाणी अडले तरी शेतापर्यंत ते कोणत्या उपसा योजनेने जाणार, तिचे पंप आणि विजेचे बिल कोणाच्या माथी? उत्तरादाखल त्याने दुसऱ्या पक्षाचे नाव घेतले, तर तेवढे ऐकून घ्यावे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा.